छोटी पार्सले आणि टपालखर्च : खान्देशातील घरगुती विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून मसाले, उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, केळी वेफर्स, इमिटेशन दागिने, राख्या, पुस्तके असा माल घरबसल्या विकणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे अडचणीचे आणि अपवादांचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पार्सलचा दर नेमका कशावरून ठरतो?

चार गोष्टींवरून : वजनाचा टप्पा, पार्सलचा आकार, अंतर किंवा झोन, आणि तुम्ही मागितलेल्या जादा सेवा, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, विमा, ओटीपी दाखवून डिलिव्हरी वगैरे. यांपैकी अंतर तुमच्या हातात नसते, कारण ग्राहक जेथे राहतो तेथे राहतो. उरलेल्या तिन्ही गोष्टी पार्सल घराबाहेर पडण्यापूर्वीच ठरतात. म्हणून टपालखर्चाची बचत ही काउंटरवर घासाघीस करून होत नाही, तर माल भरण्याच्या टेबलावर होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. माझे मसाल्याचे पाकीट बरोबर ५०० ग्रॅमचे आहे, तरीही १ किलोचे पैसे का लागतात?

पोस्ट असो वा खासगी कुरियर, पार्सलचे दर साधारणपणे ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतात, आणि टप्प्याच्या वर एक ग्रॅम गेला तरी पुढच्या संपूर्ण टप्प्याचे पैसे द्यावे लागतात. तुमचा मसाला ५०० ग्रॅमचा असला, तरी त्यावर आतली पिशवी, खोका, चिकटपट्टी, पत्त्याचे लेबल आणि बिल यांचे वजन चढते. मध्यम आकाराचा तीन पदरी पुठ्ठ्याचा खोका एकटाच ७०-८० ग्रॅमचा भरतो. म्हणजे पार्सल ५८० ग्रॅमचे झाले आणि दर १ किलोचा लागला.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पॅकिंग हलके करणे, ज्याबद्दल प्रश्न ४ मध्ये सविस्तर लिहिले आहे. पण ५०० ग्रॅम माल आणि ५०० ग्रॅमचे पार्सल हे गणित कितीही हलक्या पॅकिंगने जमणार नाही. त्यामुळे दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे : विक्रीचे पाकीटच ४०० किंवा ४५० ग्रॅमचे करणे आणि किंमत त्या प्रमाणात ठेवणे. ग्राहकाला पाव किलो आणि अर्धा किलोची सवय असते, हे खरे. परंतु अर्धा किलोच्या पाकिटावर दुप्पट टप्प्याचे टपाल भरायचे की ४५० ग्रॅमच्या पाकिटावर एका टप्प्याचे, हे त्याला नीट सांगितले तर बहुतेक जण समजून घेतात. पाकिटाचे वजन बदलले की लेबलावरील निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत बदलायला विसरू नये. जुन्या लेबलावर पेनने खाडाखोड करून माल पाठवणे कायद्याच्या दृष्टीने चालत नाही आणि दिसायलाही वाईट दिसते.

घरी १ ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा असावा. पार्सल पूर्ण बंद करून, लेबल चिकटवून मगच त्यावर ठेवावे आणि आकडा टप्प्याच्या किमान १०-१५ ग्रॅम खाली आहे ना ते पाहावे, कारण घरचा काटा आणि काउंटरवरचा काटा यांत थोडा फरक असू शकतो.

३. केळी वेफर्सचे पाकीट फक्त २०० ग्रॅमचे आहे. कुरियरवाला १ किलो वजन कसे लावतो?

तो आकारमानावरून काढलेले वजन लावत आहे. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५००० ने भागतात. जो आकडा येतो तो किलोमधला समजतात. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्यावर पैसे घेतले जातात. काही कंपन्यांच्या दरपत्रकात भाजक ५००० पेक्षा लहान असतो, आणि भाजक जितका लहान तितके तुमचे वजन जास्त धरले जाते. त्यामुळे दर विचारताना भाजकही विचारावा.

तुमचा खोका २५ × २० × १० सेंमी असेल, तर गुणाकार ५००० होतो आणि भागाकार १ किलो. आत वेफर्स किती आणि नुसती हवा किती, याच्याशी कंपनीला देणेघेणे नाही. तिच्या गाडीतली जागा तुम्ही अडवली आहे.

याच हिशोबाने खोक्याची निवड करावी. २० × १५ × १० सेंमीचा खोका ६०० ग्रॅम धरला जातो, म्हणजे १ किलोच्या टप्प्यात जातो; २० × १२ × १० सेंमीचा खोका ४८० ग्रॅम धरला जातो आणि अर्ध्या किलोत बसतो. रुंदीतल्या ३ सेंटिमीटरने पूर्ण टप्पा वाचतो. खोक्यांची ऑर्डर देण्यापूर्वी हा गुणाकार कागदावर करून पाहावा, कारण बाजारात सहज मिळणारे तयार माप आपल्या सोयीचे असेलच असे नाही. मोजमाप नेहमी बाहेरून घेतले जाते आणि फुगलेल्या बाजूचे घेतले जाते, हेही लक्षात ठेवावे.

कुरडया आणि वेफर्स यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे : एकच छोटे पाकीट दूरवर पाठवणे बहुधा परवडत नाही. अशा मालासाठी किमान ऑर्डर ठेवावी, किंवा प्रश्न १३ मधला मार्ग धरावा. उलट उडदाचे पापड आणि बिबडे सपाट व घट्ट बसतात, मसाला तर त्याहून दाट असतो. त्यांना आकाराचा फटका क्वचितच बसतो. पोकळ माल पाठवताना रिकाम्या जागेत हे पदार्थ बसवून जोडपाकीट विकणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे.

४. खोका वापरावा की प्लास्टिकची कुरियर पिशवी?

जे चेपल्याने बिघडत नाही ते पिशवीत आणि जे चेपल्याने बिघडते ते खोक्यात, इतका साधा नियम पुरतो. कपडे, पिशव्या, मसाल्याची सीलबंद पाकिटे, पुस्तके यांना खोका लागत नाही. चिकट पट्टीची साधी कुरियर पिशवी आठ-दहा ग्रॅमची असते; त्याच मालाला खोका लावला तर त्याच्या अनेक पट वजन वाढते. मसाल्याला मात्र आत दुसरी जाड पिशवी हवी, कारण एक पाकीट फुटले तर तुमचेच नव्हे तर शेजारची पार्सलेही लाल होतात आणि तक्रार तुमच्या नावावर येते.

पापडांसाठी खोका आवश्यक आहे, पण तो पापडांच्या थप्पीला जेमतेम बसणारा असावा. मोठ्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून जागा भरण्याची पद्धत तीन प्रकारे महाग पडते : खोका महाग, बोळ्यांचे वजन आणि आकाराचे वजन. बोळ्यांऐवजी पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या थप्पीच्या वर-खाली लावून ती चिंचोळ्या पट्टीने बांधली, तर पापड अधिक सुरक्षित राहतात.

दुकानातून मिळालेले जुने खोके पुन्हा वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यांवरील जुने बारकोड आणि पत्ते पूर्ण काढावेत. जुना बारकोड यंत्राने वाचला तर पार्सल भलत्या गावाला फिरून येते. पावसाळ्यात पुठ्ठ्यावर एक प्लास्टिकचे आवरण द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत पोहोचतो, तेव्हा हलक्या प्रतीची चिकटपट्टी आपोआप सुटते. त्या दिवसांत चांगली पट्टी वापरणे हाच स्वस्त पर्याय ठरतो.

पार्सल पांढऱ्या कापडात शिवून लाखेची मोहोर लावावी लागते का, असेही अनेक ज्येष्ठ मंडळी विचारतात. देशांतर्गत साध्या पार्सलला त्याची गरज नाही.

५. पोस्ट, खासगी कुरियर आणि ॲग्रीगेटर यांत स्वस्त कोण?

याला एकच उत्तर नाही, पण ढोबळ दिशा सांगता येते. महिन्याला मोजकीच पार्सले असतील आणि ग्राहक खेड्यापाड्यांत विखुरलेले असतील, तर पोस्ट. देशात १ लाख ६४ हजारांहून अधिक पोस्ट कार्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ गावांत, जेथे अनेक खासगी कंपन्या पिनकोडच घेत नाहीत, तेथे पोस्टमन पोहोचतो. पोस्टातही वेगवान स्पीड पोस्ट पार्सल आणि तुलनेने संथ पण स्वस्त इंडिया पोस्ट पार्सल असे पर्याय आहेत. घाई नसलेल्या मालासाठी काउंटरवर इंडिया पोस्ट पार्सलचा दर आवर्जून विचारावा, कारण आपण विचारले नाही तर बहुधा स्पीड पोस्टच बुक होते.

रस्त्यावरच्या कुरियर दुकानात एकट्या-दुकट्या ग्राहकाला लावला जाणारा दर बहुधा सर्वांत महाग असतो. तीच कंपनी ॲग्रीगेटरमार्फत, म्हणजे अनेक विक्रेत्यांची पार्सले एकत्र करून कंपन्यांकडून घाऊक दर मिळवणाऱ्या संकेतस्थळामार्फत, कमी दरात मिळते. तेथे पैसे आधी वॉलेटमध्ये भरावे लागतात, आकाराचे वजन काटेकोर लावले जाते आणि परत आलेल्या पार्सलचे भाडे आपोआप कापले जाते. रोज पार्सले जात असतील, ग्राहक प्रामुख्याने शहरांत असतील आणि हिशोब ठेवण्याची सवय असेल, तरच हा मार्ग धरावा. तुलना करताना ‘इतक्या रुपयांपासून’ या जाहिरातीतल्या आकड्याकडे पाहू नये. आपली नेहमीची पाच-सहा ठिकाणे, आपले नेहमीचे वजन आणि जीएसटी धरून एकूण रक्कम पाहावी.

६. रजिस्टर पोस्ट स्वस्त पडायचे. ते बंद झाले का?

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. ज्याच्या नावे आहे त्याच्याच हाती द्यावे, ही जुन्या रजिस्टरची सोय आता स्पीड पोस्टावर ५ रुपये अधिक जीएसटी भरून घेता येते. ओटीपी दाखवल्यावरच डिलिव्हरी हवी असेल तर त्याचेही ५ रुपये अधिक जीएसटी. दीडशे-दोनशे रुपयांच्या मालावर या दोन्ही सोयी घेण्याची गरज आम्हाला वाटत नाही. पण ‘मिळालेच नाही’ असे सांगणारा ग्राहक एकदा भेटला असेल, तर त्याच्या पुढच्या पार्सलला ओटीपी जरूर लावावा.

७. सुरतला पार्सल मुंबईपेक्षा महाग पडेल का? राज्य बदलते ना?

पोस्टाच्या दरात राज्याची सीमा नसते, अंतराचे टप्पे असतात. स्पीड पोस्टाच्या कागदपत्रांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात स्थानिक, २०० किमीपर्यंत, २०१ ते ५००, ५०१ ते १०००, १००१ ते २००० आणि २००० किमीपलीकडे असे टप्पे आहेत. नंदुरबारहून सुरत २०० किमीच्या आत येते आणि मुंबई येत नाही. त्यामुळे गुजरातचे पार्सल मुंबईच्या पार्सलपेक्षा महाग पडण्याचे कारण नाही. तीच गोष्ट भुसावळहून बुऱ्हाणपूरची.

त्याच दरपत्रकातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. २५१ ते ५०० ग्रॅमच्या टप्प्याला २०० किमीपर्यंत ७० रुपये आहेत आणि २००० किमीपलीकडे ९३ रुपये, स्थानिक २८. म्हणजे गावाबाहेर एकदा पाऊल टाकले की शेजारचा जिल्हा आणि देशाचे दुसरे टोक यांत केवळ २३ रुपयांचे अंतर उरते. (हे दर जीएसटीशिवायचे आणि कागदपत्रांचे आहेत, वस्तूंच्या पार्सलचे दरपत्रक वेगळे असते, ते काउंटरवर पिनकोड आणि वजन सांगून घ्यावे.) त्यामुळे ‘आम्ही फक्त महाराष्ट्रातच पाठवतो’ असे धोरण पोस्टाने पाठवणाऱ्यांनी खर्चाच्या भीतीने ठेवण्याची गरज नाही. खासगी कंपन्यांचे झोन मात्र वेगळे असतात. तेथे शहरांतर्गत, विभागांतर्गत, महानगर ते महानगर, उर्वरित भारत आणि ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर अशी वर्गवारी असते. शेवटच्या झोनचा दर इतका वाढतो की तेथील ऑर्डर पोस्टाने पाठवणेच योग्य.

८. एकाच ग्राहकाच्या दोन ऑर्डर आल्या तर एकत्र पाठवाव्यात का?

होय, जवळपास नेहमीच. पहिला अर्धा किलो महाग असतो आणि पुढचा प्रत्येक अर्धा किलो तुलनेने स्वस्त. उदाहरणादाखल पहिल्या टप्प्याला ६० आणि पुढच्याला ४० रुपये दर धरला, तर १ किलोचे एक पार्सल १०० रुपयांत जाते आणि अर्ध्या किलोची दोन पार्सले १२० रुपयांत. शिवाय एक खोका, एक लेबल आणि एक फेरी वाचते. यावरून विक्रीची पद्धतही सुचते : ‘अर्ध्या किलोच्या वर गेले की ९०० ग्रॅमपर्यंत तेवढेच टपाल’ असे ग्राहकाला आधीच कळवले, तर तो मसाल्यासोबत पापडही घेतो. अपवाद एकच. दोन्ही मिळून आकाराचे वजन पुढच्या टप्प्यात उडी घेत असेल, तर प्रश्न ३ मधला गुणाकार करून मगच ठरवावे.

९. डिलिव्हरी मोफत ठेवावी की टपाल वेगळे लावावे?

टपाल कोणी तरी भरतच असते. प्रश्न फक्त ते कोठे दिसावे याचा आहे. स्वस्त वस्तूवर टपाल वेगळे दाखवले तर ग्राहक बिचकतो, कारण १५० रुपयांच्या कानातल्यांवर ७० रुपये टपाल त्याला अन्यायकारक वाटते. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे एक रक्कम ठरवून तिच्यावरच्या ऑर्डरला टपाल न लावणे. ती रक्कम ठरवताना आपला नफा टपाल वजा जाताही उरतो का, हे पाहावे. शेजारच्या विक्रेत्याने ४९९ ठेवली म्हणून आपणही ४९९ ठेवणे हा हिशोब नव्हे.

१०. कॅश ऑन डिलिव्हरी दिली नाही तर ऑर्डर येत नाहीत आणि दिली तर पार्सले परत येतात. काय करावे?

ही तक्रार सर्वांत जास्त वेळा येते, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा जाण्याचे भाडे ७० रुपये आणि परतीचे ६० रुपये आहे. दहा पार्सलांपैकी दोन परत आली, तर जाण्याचे ७०० आणि परतीचे १२०, असे ८२० रुपये आठ विक्रींवर पडतात. म्हणजे प्रत्येक यशस्वी विक्रीला १०२ रुपये ५० पैसे. तुम्ही दर ठरवताना मात्र ७० धरलेले असतात. यात कॅश ऑन डिलिव्हरीचे वेगळे शुल्क आणि परत आल्यावर चुरा झालेल्या पापडांची किंमत धरलेलीच नाही.

आमचे मत असे, की खाद्यपदार्थांवर संपूर्ण कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नये. त्याऐवजी टपालाइतकी रक्कम यूपीआयने आगाऊ घ्यावी आणि मालाची किंमत डिलिव्हरीला. ज्याने ८० रुपये आधी भरले, तो पार्सल नाकारताना दोनदा विचार करतो, आणि नाकारले तरी जाण्याचे भाडे तुमच्या खिशातून जात नाही. जुन्या, ओळखीच्या ग्राहकाला ही अट सोडावी. नव्या ग्राहकाला माल पाठवण्यापूर्वी एक फोन करून पत्ता पक्का करावा. फोनच न उचलणाऱ्याचे पार्सल पाठवू नये.

११. पत्ता अपुरा असल्याने पार्सल परत आले. पत्त्यात नेमके काय हवे?

नाव, घर किंवा गल्लीची खूण, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक. खेड्यांच्या बाबतीत ‘पोस्ट’ आणि ‘तालुका’ हे दोन शब्द वगळू नयेत. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावे एकाच जिल्ह्यातही एकाहून अधिक सापडतात. पिनकोड ग्राहकाकडून लिहून घ्यावा आणि पोस्टाच्या संकेतस्थळावर तपासावा. शिरपूरचा पिनकोड ४२५४०५ आणि शहाद्याचा ४२५४०९. शेवटचा एक अंक चुकला की पार्सल धुळे जिल्ह्याऐवजी नंदुरबार जिल्ह्यात जाते. पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये दहा अक्षरांचा डिजिपिन आणला आहे, जो साधारण ४ मीटर लांब-रुंद चौकोनाची जागा दाखवतो. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या ग्राहकाकडून तो घेऊन लेबलावर लिहिण्यास हरकत नाही, पण तो पिनकोडच्या जागी नव्हे, सोबत लिहावा.

१२. पार्सल पोहोचल्यावर कंपनीने जादा वजनाचे पैसे कापले. ते परत मिळतात का?

मिळू शकतात, पुरावा असेल तर. ॲग्रीगेटरवरून जाणारे प्रत्येक पार्सल लेबलासह काट्यावर ठेवून फोटो काढावा आणि लांबी, रुंदी, उंची यांना टेप लावून आणखी फोटो घ्यावेत. फोटोत लेबलावरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. वजनाच्या फरकावर हरकत घेण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि ती उलटली की फरक तुम्ही मान्य केला असे धरले जाते. म्हणून वॉलेटचा हिशोब आठवड्यातून किमान एकदा पाहावा. एकाच मापाचे खोके नेहमी वापरणाऱ्यांना हा वाद कमी पडतो, कारण तेच माप प्रणालीत आधी नोंदवून ठेवता येते.

१३. सुरत, पुणे, नाशिक येथे खूप ग्राहक आहेत. प्रत्येकाला वेगळे पार्सल पाठवण्यावाचून गत्यंतर नाही का?

आहे, आणि खान्देशातील विक्रेत्यांना तो मार्ग इतरांपेक्षा सोपा आहे. सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींभोवती आणि पिंपरी-चिंचवडमध्ये खान्देशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील एखाद्या नातेवाइकाकडे किंवा विश्वासू ग्राहकाकडे आठवड्याच्या सर्व ऑर्डरचा एकच बोचका खासगी ट्रॅव्हल्सने किंवा एसटीच्या पार्सल सेवेने पाठवावा. बोचक्यात प्रत्येक ऑर्डर नावाची चिठ्ठी लावून वेगळी बांधलेली असावी. पुढे ग्राहक स्वतः येऊन नेतात किंवा त्या शहरातल्या शहरात स्थानिक दराने पाठवता येते. वेफर्स आणि कुरडयांसारख्या फुगीर मालासाठी याहून स्वस्त मार्ग आम्हाला माहीत नाही.

जो नातेवाईक हे काम करतो त्याला मोबदला ठरवून द्यावा. ‘घरचेच तर आहेत’ म्हणून फुकट चाललेली व्यवस्था दिवाळीच्या गर्दीत कोलमडते. ट्रॅव्हल्सच्या पार्सलला बहुधा ट्रॅकिंग नसते आणि हरवल्यास भरपाईची खात्री नसते, त्यामुळे मौल्यवान वस्तू या मार्गाने पाठवू नयेत. त्यांच्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

१४. कानातले आणि राख्या अगदी हलक्या असतात. साध्या पाकिटाने पाठवता येतील का?

राखी पाठवता येते आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठवत आले आहेत. साध्या टपालाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात, त्यामुळे इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. पण त्याला ट्रॅकिंग नाही आणि हरवले तर दाद नाही. शिवाय पाकिटांवर शिक्के ठोकले जातात, तेव्हा जाड मणी किंवा काचेचे खडे फुटू शकतात. तिकीट कमी पडले तर पाकीट ‘बेरंग’ (अपुऱ्या टपालाचे) ठरते आणि पोस्टमन फरकाच्या दुप्पट रक्कम तुमच्या ग्राहकाकडे मागतो. याहून अधिक लाजिरवाणी बचत नसेल. स्वतःच्या बहिणीने भावाला पाठवायची राखी साध्या पाकिटाने जावी. विकलेला माल, ज्याचे पैसे तुम्ही घेतले आहेत, तो क्रमांक मिळणाऱ्या सेवेनेच जावा.

१५. पुस्तके पाठवण्यासाठी काही सवलतीचा दर आहे का?

आहे. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू झाली असून तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपयांपर्यंत आहेत, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे, पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव असणे आवश्यक आहे आणि नियतकालिके, जाहिरातपत्रके किंवा व्यापारी स्वरूपाचे छापील साहित्य त्यात चालत नाही. पार्सल रस्ते-रेल्वेने जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळते. पुस्तकासोबत मसाल्याचे नमुना पाकीट घालण्याचा मोह टाळावा.

१६. लोणचे, तेल, तूप आणि भरिताची वांगी पाठवता येतील का?

तेलकट आणि पातळ पदार्थ हवाई मार्गाने जाणाऱ्या पार्सलात अडवले जातात, आणि स्पीड पोस्ट लांबच्या अंतरावर विमानाने जाऊ शकते. गळती झाली तर इतरांच्या मालाचेही नुकसान होते. लोणचे द्यायचेच असेल तर तेल कमी असलेले, सीलबंद जाड पाऊचमधले आणि जमिनीवरून जाणाऱ्या सेवेने द्यावे. काचेची बरणी वजनानेच टप्पा ओलांडते. उन्हाळ्यात तूप आणि गूळ पाठवू नये.

जळगावची भरिताची वांगी ताजी पोहोचवायची तर एका रात्रीत पोहोचणारी ट्रॅव्हल्सच हवी. पोस्टाच्या पार्सलात ती जातील, पण भाजण्याजोगी उरणार नाहीत. हिवाळ्यात त्यांना मागणी फार असते, म्हणून प्रश्न १३ मधल्या बोचक्यात तेवढ्या दिवसांपुरती त्यांची वेगळी टोपली ठेवावी.

१७. चांदीचे पैंजण किंवा सोन्याची लहान वस्तू कमी खर्चात कशी पाठवावी?

येथे खर्च वाचवू नये. सोने, चांदी आणि मौल्यवान खडे पोस्टाने पाठवताना विमा उतरवावा लागतो, आणि अनेक खासगी कंपन्या असा माल साध्या पार्सलात घेतच नाहीत. वस्तूचे वर्णन ‘इमिटेशन’ असे खोटे लिहून पाठवले आणि पार्सल गहाळ झाले, तर भरपाईही खोट्या किमतीचीच मिळते. उलट, खऱ्या इमिटेशन दागिन्यांवर विमा घेऊ नये. क्वचित हरवलेली एखादी वस्तू पुन्हा बनवून पाठवण्याचा खर्च सगळ्या पार्सलांच्या विम्याहून बहुधा कमी असतो.

१८. टपालावरचा जीएसटी परत मिळतो का?

कुरियर आणि स्पीड पोस्टावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल, तुम्ही करपात्र माल विकत असाल आणि कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल, तर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करून घेता येतो. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. नोंदणी नसेल तर हा १८ टक्के तुमचा खर्चच आहे आणि दर ठरवताना तो धरला पाहिजे. बारकावे आपल्या कर सल्लागाराला विचारावेत.

१९. पोस्टाकडून घाऊक सवलत कधी मिळते?

नियमित मोठ्या संख्येने पार्सले जात असतील तर पोस्ट खात्याशी करार करता येतो. त्यात उलाढालीनुसार सवलत, महिनाअखेर एकत्र बिल आणि काही ठिकाणी घरून पिकअप मिळते. नव्या घाऊक ग्राहकांसाठी स्पीड पोस्टावर ५ टक्के सवलतही जाहीर झालेली आहे. एकट्याचा माल कमी पडत असेल तर बचत गटाच्या नावाने करार करून सर्व महिलांची पार्सले एका खात्यावर पाठवणे शक्य आहे का, याची चौकशी आपल्या मुख्य पोस्ट कार्यालयातील मार्केटिंगचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे करावी. काउंटरवरील कारकुनाकडे ही माहिती असेलच असे नाही, आणि रांगेत उभे राहून विचारणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

२०. परदेशातील ग्राहकाला मसाला पाठवायचा आहे. कमी खर्चाचा मार्ग कोणता?

२ किलोपर्यंतच्या मालासाठी पोस्टाची इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट सेवा ही स्पीड पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय सेवेपेक्षा स्वस्त असते, मात्र ती ठरावीक देशांनाच उपलब्ध आहे. नातेवाइकाला भेट पाठवणे आणि विक्री करणे यांत फरक आहे : विक्रीसाठी आयात-निर्यात कोड आणि पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने होणाऱ्या निर्यातीचे घोषणापत्र) लागते. त्याची नोंद डाकघर निर्यात केंद्रात होते. अशी हजारांहून अधिक केंद्रे देशात सुरू झाली आहेत. पार्सल बांधण्यापूर्वी त्या देशाचे खाद्यपदार्थांविषयीचे नियम पाहावेत आणि आयात कर ग्राहकाने भरायचा आहे, हे त्याच्याकडून लेखी मान्य करून घ्यावे. तिकडून परत येणाऱ्या पार्सलचे भाडे बहुधा आतल्या मसाल्याच्या किमतीहून जास्त असते, त्यामुळे डिलिव्हरी न झाल्यास पार्सल परत न आणता तेथेच सोडून द्यावे, असा पर्याय सीमाशुल्काच्या फॉर्मवर निवडावा.